ग्रह बघायचेत? आधी पंचांग उघडा, मग पाकीट

‘आज रात्री सहा ग्रह एका रांगेत’, ‘मंगळ दिसणार पौर्णिमेच्या चंद्राएवढा’, ‘पृथ्वी सूर्यापासून लांब चालली, स्वेटर काढून ठेवा’. असे निरोप वर्षभर फोनवर फिरत असतात आणि त्यांच्या पाठोपाठ वाचकांचे प्रश्न येतात. गच्चीवर गेलो, काहीच दिसलं नाही. दिसलं ते ग्रह होता की तारा, कळलं नाही. मुलीला दुर्बीण हवी आहे, कोणती घेऊ? या सगळ्या प्रश्नांना इथे एकत्रच उत्तर देतो. पाच ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि ते ओळखायला पहिल्या वर्षी एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

आधी दिशा ठरवा

सगळे ग्रह सूर्याभोवती जवळजवळ एकाच पातळीत फिरतात. बुधाची कक्षा तेवढी सात अंशांनी कललेली आहे. बाकीच्यांचा कल साडेतीन अंशांच्या आतच. याचा तुम्हाला उपयोग असा, की ग्रह आकाशात कुठेही उपटत नाहीत. सूर्य-चंद्र ज्या वाटेने जातात, त्याच वाटेच्या आसपास ते सापडतात. महाराष्ट्रातून आणि गोव्यातून पाहताना ही वाट पूर्वेकडून निघते, बरीचशी डोक्यावरून जाते आणि पश्चिमेला उतरते. उत्तरेला, ध्रुवताऱ्याच्या अंगाला कितीही ठळक काही दिसलं तरी तो ग्रह नव्हे. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या वाचकांनी ही वाट दक्षिणेकडे झुकलेली शोधावी, मेलबर्नमधल्यांनी उत्तरेकडे.

दुसरी गोष्ट वेळेची. बुध आणि शुक्र यांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत आहेत, त्यामुळे ते सूर्याची पाठ सोडत नाहीत. बुध सूर्यापासून फार तर २८ अंश दूर जातो, शुक्र ४७ अंश. म्हणून हे दोघे संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेलाच दिसणार. रात्री बारा वाजता डोक्यावर शुक्र दिसल्याचं कुणी सांगितलं, तर तो बहुधा गुरू असतो. मंगळ, गुरू, शनी मात्र रात्री कोणत्याही प्रहरी दिसू शकतात.

अंश मोजायला साधन हवंच असं नाही. हात पूर्ण लांब करून एक डोळा मिटा. मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते, करंगळीची एक अंश. पौर्णिमेचं चंद्रबिंब अवघं अर्धा अंश असतं. करंगळीआड ते सहज झाकतं. खरं वाटत नसेल तर येत्या पौर्णिमेला करून बघा.

तारा की ग्रह?

- लुकलुकणं: ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूतून येतो, म्हणून हवेच्या हालचालीने तो लुकलुकतो. ग्रहाला लहानसं का होईना बिंब असतं, त्यामुळे तो स्थिर वाटतो. क्षितिजालगत मात्र ग्रहही थरथरतो, तेव्हा तो जरा वर येईपर्यंत निकाल देऊ नका.
- तेज आणि रंग: शुक्र पांढराशुभ्र आणि चंद्राखालोखाल तेजस्वी. गुरू किंचित पिवळसर, शुक्राच्या खालोखाल. शनी मळकट पिवळा, कुठल्याही ठळक ताऱ्यासारखा, म्हणूनच सगळ्यात जास्त चुकतो. मंगळाचं तेज मात्र बदलत राहतं. पृथ्वीजवळ असताना तो क्वचित गुरूलाही मागे टाकतो आणि दूर गेला की सामान्य ताऱ्यांत हरवतो.
- हमखास गल्लत: मंगळ समजून रोहिणी किंवा ज्येष्ठा दाखवली जाते, कारण हे तारेही तांबूस आहेत. गुरू समजून व्याध दाखवला जातो. तो तर आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, पण कमालीचा लुकलुकतो. तेवढ्यावरून ओळखता येईल.
- हालचाल: पाच मिनिटांत अर्धं आकाश ओलांडणारं ते विमान किंवा उपग्रह. ग्रहाची हालचाल जाणवायला काही रात्री जाव्या लागतात, मंगळ आणि शुक्राच्या बाबतीत दोन-तीन, शनीच्या बाबतीत काही आठवडे.

चूक झाली तर ओशाळायचं कारण नाही. लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात आकाशात दिसणाऱ्या प्रकाशांना आपल्या लष्करी तुकड्यांनी परकी ड्रोन समजून महिनोन्‌महिने त्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासलं, तेव्हा ते शुक्र आणि गुरू निघाले. ही बातमी २०१३ सालची.

घरातलं पंचांग वापरा

भविष्य बाजूला ठेवा. पंचांगातलं गणित मात्र उपयोगाचं आहे आणि ते बहुतेक मराठी घरांत भिंतीवर नाहीतर देव्हाऱ्याजवळ असतंच. ग्रह कोणत्या राशीत आहे ते पाहा. पंचांगातल्या निरयन राशी आकाशातल्या त्याच नावाच्या तारकासमूहांशी ढोबळमानाने जुळतात. पाश्चात्त्य पद्धतीच्या सायन राशी मात्र सुमारे २४ अंशांनी पुढे असतात, म्हणून इंग्रजी राशिभविष्याच्या रकान्यावरून ग्रह शोधू नका; जवळजवळ अख्खी रास चुकेल.

- अस्त आणि उदय: लग्नाचे मुहूर्त काढताना गुरू-शुक्राचा अस्त पाहतात, तोच हा. ग्रह सूर्याच्या इतका जवळ आलेला असतो की उजेडात दिसत नाही. अस्ताच्या काळात त्याला शोधायला जाणं फुकट. उदय झाला तरी आठ-दहा दिवस जाऊ द्या, म्हणजे तो क्षितिजावरच्या धुरक्यातून वर येईल.
- वक्री आणि मार्गी: ग्रह ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलट सरकतोय की सुलट, एवढंच यातून कळतं. मंगळ, गुरू किंवा शनी वक्री असेल तर ती चांगली बातमी समजा, कारण तेव्हाच तो पृथ्वीच्या जवळ आणि तेजस्वी असतो.
- सूर्याच्या समोरची रास: मंगळ, गुरू किंवा शनी सूर्यापासून सातव्या राशीत असेल, तर तो सूर्यास्ताला उगवतो आणि रात्रभर दिसतो. यालाच प्रतियुती म्हणतात.

पंचांगासोबत संगणकावर ‘स्टेलॅरियम’ हा मोफत कार्यक्रम उतरवून घ्या. गाव आणि तारीख भरली की आकाश समोर येतं. फोनवरच्या अ‍ॅपवर मात्र दिशेसाठी डोळे झाकून विश्वास टाकू नका. लोखंडी ग्रिल किंवा गाडीजवळ फोनचं होकायंत्र भरकटतं आणि लोक गुरू म्हणून भलत्याच ताऱ्याला हात जोडतात.

सिंहस्थाचा गुरू स्वतः पाहा

कक्षा म्हणजे काय हे चित्रावरून समजत नसेल, तर येतं वर्ष फार चांगलं आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा गुरू सिंह राशीत आला की सुरू होतो. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणून एका राशीत तो साधारण वर्षभर राहतो आणि मेळा बारा वर्षांनी येतो. हा हिशेब पुरता जुळत नाही. गुरूच्या सात फेऱ्या ८४ ऐवजी ८३ वर्षांत पुऱ्या होतात, त्यामुळे कधीतरी एक मेळा अकराव्या वर्षीच येतो. हरिद्वारला २०१० नंतरचा कुंभ २०२१ साली भरला, तो याच कारणाने.

यंदाचा गुरू ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी सिंह राशीत शिरतो. पण तिथे टिकत नाही. डिसेंबरच्या मध्यात तो वक्री होतो, जानेवारीत मागे कर्केत जातो, एप्रिलच्या मध्यात मार्गी होतो आणि जून २०२७ च्या अखेरीस पुन्हा सिंहेत येतो. ‘एकदा आला, परत गेला, पुन्हा आला’ यावरून घराघरांत वाद होतात. कारण साधं आहे. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते, गुरू सुमारे १३. दर तेरा महिन्यांनी आपण आतल्या कक्षेतून त्याला मागे टाकतो आणि त्या काही महिन्यांत तो मागे सरकल्यासारखा दिसतो. गुरू आपल्या वाटेवर पुढेच जात असतो.

हे तपासायला एक वही, एक पेन्सिल आणि मघा तारा एवढं पुरे.

1. ऑक्टोबरअखेर मध्यरात्रीनंतर पूर्वेला गुरू शोधा. त्याच्या शेजारी, जरा खाली, मघा दिसेल. दोघांतलं अंतर सुमारे सहा अंश असेल.
2. आठवड्यातून एकदा दोघांची जागा वहीत टिपा. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका.
3. डिसेंबरच्या मध्यात हे अंतर तीन अंशांवर येईल आणि काही दिवस गुरू जागेवरच थांबल्यासारखा वाटेल.
4. मग तो मघेपासून दूर जाऊ लागेल. एप्रिलच्या मध्यापर्यंत अंतर तेरा अंशांवर जाईल. म्हणजे वक्री काळात तो एकूण एक मूठ मागे आला.

नोव्हेंबरच्या मध्यात पहाटे तांबूस मंगळ गुरूच्या अगदी शेजारून जाईल, तो आठवडा चुकवू नका. आणि एक गंमत. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये जेव्हा मुख्य स्नानं होतील, तेव्हा ज्याच्यामुळे मेळा भरला तो गुरू बहुतेक दिवस आकाशात दिसणारच नाही. सूर्यही तेव्हा सिंहेतच असतो, आणि या खेपेला ऑगस्टअखेर गुरू नेमका त्याच्या मागे जातो.

येत्या वर्षभरात काय पाहाल

- शनी: ४ ऑक्टोबर २०२६ रोजी प्रतियुती. ऑक्टोबर ते जानेवारी संध्याकाळी सोयीस्कर. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याला कडेकडून दिसत होती, म्हणून अजून ती बारीकच आहेत. दरवर्षी ती जास्त उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील.
- शुक्र: दिवाळीत अभ्यंगस्नानाला उठाल तेव्हा पूर्वेला अगदी खाली शोधा. नोव्हेंबरअखेर तो पहाटेच्या आकाशात झळझळीत असेल, जानेवारीत सूर्यापासून सर्वांत दूर. द्विनेत्री (बायनॉक्युलर) असेल तर नोव्हेंबरमध्ये त्याची कोर दिसते, चंद्राच्या कोरीसारखी. पाहणं सूर्योदयाच्या बरंच आधी उरका.
- गुरू: फेब्रुवारी २०२७ च्या दुसऱ्या आठवड्यात प्रतियुती, रात्रभर दर्शन.
- मंगळ: १९ फेब्रुवारी २०२७ रोजी, म्हणजे शिवजयंतीच्या रात्री, प्रतियुती. तोही मघेजवळच, गुरूपासून फार लांब नाही. मात्र या खेपेला मंगळ पृथ्वीपासून सुमारे दहा कोटी किलोमीटरवर असेल. त्याची कक्षा बरीच लंबगोल असल्याने काही प्रतियुत्या जवळच्या असतात, काही दूरच्या. ही दूरची.
- बुध: सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी पाऊण तासाची मुदत, तीही मोकळं क्षितिज असेल तर. शहरात त्याच्यामागे फार वेळ घालवू नका.

पुढची वेळापत्रकं तुम्हीच काढू शकता. गुरूची प्रतियुती दरवर्षी साधारण एक महिना पुढे सरकते, शनीची दोन आठवडे. मंगळ २६ महिन्यांनी येतो. शुक्राचं चक्र १९ महिन्यांचं आहे. आपल्याकडे यात पावसाळ्याचा हिशेब मिळवावा लागतो. २०३१ ते २०३३ या तीन वर्षांत गुरूची प्रतियुती जून, जुलै, ऑगस्टमध्ये पडते. कोकणातल्या मंडळींनी गुरू पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांतच मनसोक्त पाहून घ्यावा. मंगळ २०३५ च्या सप्टेंबरमध्ये फार जवळ येणार आहे, तेव्हाही ढगांची कृपा लागेल.

‘ग्रहांची रांग’ म्हटलं की हे विचारा

ग्रह एकाच पातळीत फिरतात हे वर आलंच. म्हणून आकाशात दोनपेक्षा जास्त ग्रह असले की ते रांगेतच दिसणार. बातमीत ‘सहा’ किंवा ‘सात’ आकडा असेल तर आधी युरेनस आणि नेपच्यून वजा करा. नेपच्यून दुर्बिणीशिवाय दिसत नाही आणि युरेनस शहरातून दिसण्याची आशा नाही. मग बुध क्षितिजापासून किती वर आहे ते पाहा. एका मुठीपेक्षा कमी असेल तर तोही वजा. उरलेले तीन-चार मात्र जरूर पाहा, दृश्य देखणं असतं. आणि ते एकाच रात्री नव्हे, पुढेमागे काही आठवडे दिसतं. ‘आज नाही तर कधीच नाही’ हे खोटं.

भूकंप, त्सुनामी वगैरे भीती घालणाऱ्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाठवा. फेब्रुवारी १९६२ च्या अष्टग्रहीत सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह आकाशाच्या एका लहानशा पट्ट्यात जमले होते. आठवा केतू हिशेबात धरलेला. देशभर यज्ञयाग झाले, लोकांनी प्रवास टाळले. घडलं काहीच नाही. शुक्र सर्वांत जवळ असतानाही त्याची भरती आणणारी ओढ चंद्राच्या ओढीच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकीही नसते.

आणखी दोन निरोप सरळ पुसून टाका. मंगळ चंद्राएवढा कधीच दिसत नाही. २००३ साली तो ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, तेव्हाही त्याचं बिंब चंद्राच्या सत्तराव्या हिश्शाएवढं होतं. दुर्बिणीतून ७५ पट मोठा केलेल्या मंगळाबद्दलचं ते वाक्य होतं, पुढे पाठवताना अर्धं गळालं. दुसरा निरोप जुलैत येतो: पृथ्वी सूर्यापासून ६६ टक्के लांब गेल्याने थंडी, सर्दी, अंगदुखी होणार. पृथ्वी जानेवारीत १४.७ कोटी आणि जुलैत १५.२ कोटी किलोमीटरवर असते. फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. जुलैतली सर्दी पावसाची.

दुर्बीण घेण्याआधी

पहिलं पाऊल दुकान नव्हे, खगोलप्रेमींची संस्था. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ, कल्याणला आकाशमित्र मंडळ, पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी. वरळीचं नेहरू तारांगण आणि नागपूरचं रमण विज्ञान केंद्रही आहेच. त्यांच्या आकाशदर्शनाला जा, वेगवेगळ्या दुर्बिणींतून शनी पाहा. छायाचित्रातला भला थोरला शनी डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, तो तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो, पण त्याची कडी स्वच्छ सुटी दिसतात. एवढ्यावर मुलगी खूश झाली तर पुढे वाचा.

- पहिली खरेदी द्विनेत्री असू द्या. ७×५० किंवा १०×५०. भिंतीला किंवा तिपाईला टेकवून धरली तर गुरूचे चार चंद्र दिसतात. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिले तेच. शनीची कडी मात्र यात सुटी दिसत नाहीत, त्यासाठी किमान २५-३० पट लागते.
- दुर्बीण घ्यायची तर व्यास विचारा, ‘पट’ नको. भिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुपटीपर्यंतच मोठेपणा उपयोगाचा. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १४० पट ही कमाल मर्यादा. खोक्यावर ६७५ पट छापलं असेल तर खोकं खाली ठेवा.
- मोठेपणा स्वतः मोजा. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचं. ७०० मिलिमीटर आणि १० मिलिमीटर असेल तर ७० पट. ग्रहांना एवढं भरपूर.
- तिपाई हलवून बघा. बोटाने टिचकी मारल्यावर दृश्य चार-पाच सेकंद थरथरत राहिलं, तर उत्तम भिंगही वाया. लाकडी डॉब्सनियन बैठकीवरची १३० किंवा १५० मिलिमीटरची परावर्ती दुर्बीण दिसायला ओबडधोबड, पण त्याच पैशांत ती सर्वांत जास्त दाखवते.
- नेत्रिकेवर बसवायचं ‘सन फिल्टर’ सोबत आलं असेल तर मुलांच्या हाती पडण्याआधी मोडून टाका. सूर्याच्या एकवटलेल्या उष्णतेने ते तडकतं आणि दृष्टी कायमची जाते. द्विनेत्री किंवा दुर्बीण दिवसा सूर्याच्या दिशेला वळवायचीच नाही, मोठं माणूस सोबत असलं तरी.

फसलात तर

जाहिरातीतली छायाचित्रं अंतराळयानाने टिपलेली आणि खोक्यातली वस्तू खेळण्यातली, असं वरचेवर होतं. गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात ही तक्रारीची बाब आहे. ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं नाव-पत्ता, परतीच्या अटी आणि आयात मालाचा मूळ देश दाखवणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट खरेदीच्या वेळीच काढून ठेवा, बिल मागून घ्या, खोकं उघडताना व्हिडिओ करा. आधी विक्रेत्याला लेखी कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

हाच मार्ग ‘तुमच्या नावाचा तारा’ विकणाऱ्यांबाबतही उपयोगी पडू शकतो. ग्रह-ताऱ्यांच्या नावांना मान्यता देण्याचं काम आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ करतो आणि तो नावं विकत नाही. वाढदिवसाला चौकट करून आलेल्या त्या प्रमाणपत्राला आकाशात किंमत नाही. ‘अधिकृत नोंदणी’ असं लिहून पैसे घेतले असतील, तर पावती आणि ती जाहिरात जपून ठेवा.